जुन्या ट्रॅक्टरखालचा तेलाचा डाग

बैलाने चारा टाकला, की खानदेशातील शेतकरी प्रथम त्याच्या शेणाकडे पाहतो, कानाला हात लावून ताप आहे काय हे अजमावतो, नाकपुडी कोरडी की ओली हे पाहतो. औषधाचा विचार त्यानंतर. त्याच शेतकऱ्याच्या खळ्यात उभ्या असलेल्या जुन्या ट्रॅक्टरखाली रोज सकाळी तळहाताएवढा काळा डाग उमटतो, तेव्हा मात्र तो डागाकडे न पाहता तेलाच्या डब्याकडे वळतो. तेल कमी झाले, ओतले; पुन्हा कमी झाले, पुन्हा ओतले. मुक्या जनावराचे दुखणे लक्षणांवरून ओळखण्याची जी शिस्त पिढ्यान्‌पिढ्या अंगी मुरलेली आहे, ती यंत्राच्या बाबतीत का सुटावी, हे कोडेच आहे.

बोदवडचा परिसर प्रामुख्याने काळ्या जमिनीचा आणि कोरडवाहू शेतीचा. कापूस, मका, हरभरा, दादर ही इथली पिके. नवा ट्रॅक्टर घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. जळगाव, भुसावळ, मलकापूर येथून जुना ट्रॅक्टर विकत घ्यावा, त्याची डागडुजी करावी आणि तो शक्य तितकी वर्षे वापरावा, असाच बहुतेकांचा व्यवहार असतो. हा व्यवहार चुकीचा नाही. ट्रॅक्टरचे इंजिन व गिअरपेटी भक्कम लोखंडाची असते आणि नीट निगा राखल्यास ती दीर्घकाळ काम देते. मात्र त्यातील रबराची सीले, बुचाची व कागदाची पॅकिंगे, रबरी नळ्या ह्यांचे आयुष्य लोखंडाइतके नसते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर चढतो, ट्रॅक्टर उघड्यावर उभा असतो, आणि काम नसल्याने सीलांना तेलाचा ओलावाही मिळत नाही. रबर कडक होते, बुचाचे पॅकिंग आकसते. मृगाच्या तोंडावर ट्रॅक्टर चालू केला, की गळती सुरू होते. आणि नेमक्या त्याच वेळी पेरणीचे दोन-चार मोलाचे दिवस हातचे जाण्याची वेळ येते.

बोदवडपासून जवळच्याच एका गावातील शेतकऱ्याचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. त्याचा ट्रॅक्टर ३५ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरांचा व बऱ्याच जुन्या बांधणीचा. इंजिन आणि गिअरपेटी ह्यांच्या मध्ये क्लचचे जे घर असते, त्याच्या खाली रोज डाग पडे. गावातील मिस्त्रीने पाहून सांगितले, “भाऊ, चेंबरचं पॅकिंग गेलं.” पॅकिंग बदलले. डाग कायम राहिला. दुसऱ्याने सांगितले, की इंजिनाच्या मागचे मोठे सील गेले आहे; ट्रॅक्टर मधोमध विलग करावा लागेल. हे काम दोन-तीन दिवसांचे आणि खर्चाचे. शेतकरी घाबरला. त्याच सुमारास कोणा हितचिंतकाने क्लचच्या घराच्या तळाशी असलेले एक लहानसे भोक दाखवले. “येथूनच तर गळते आहे!” असे म्हणून त्याने बाभळीची खुंटी तासून त्या भोकात ठोकून दिली.

ह्या भोकाविषयी दोन शब्द अधिक लिहिणे अवश्य आहे, कारण अशी खुंटी ठोकलेले ट्रॅक्टर ठिकठिकाणी आढळतात. अनेक जुन्या ट्रॅक्टरांत क्लचच्या घराच्या तळाशी कारखान्यानेच भोक ठेवलेले असते व त्यात एक दुपाखी पिन सैल लोंबत सोडलेली असते. ट्रॅक्टर हलतो तशी पिन हलते आणि भोक चिखलाने बुजू देत नाही. क्लचची तबकडी कोरडी राहिली पाहिजे. पुढून इंजिनाचे सील किंवा मागून गिअरपेटीचे सील झिजले, तर आत आलेले तेल साचू नये, बाहेर पडावे आणि मालकाला दिसावे, एवढ्यासाठी ती वाट ठेवलेली असते. भोक बुजवले, म्हणजे तेल आत साचते, तबकडीवर उडते, क्लच घसरू लागतो. मग नांगर ओढताना इंजिन गुरगुरते आणि ट्रॅक्टर जागीच राहतो. जे तेल जमिनीवर पडून थोड्या पैशांचे नुकसान करीत होते, तेच आत राहून क्लचची तबकडी खाऊन टाकते. गळणारे भोक बुजवणे म्हणजे गळती थांबवणे नव्हे. पाण्याच्या पंपाच्या खालच्या अंगालाही असेच एक बारीक छिद्र असते. तेथून पाणी ठिबकू लागले, तर पंपाचे सील संपत आले, एवढाच त्याचा अर्थ. तेही बुजवू नये.

त्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरची गळती पुढे सापडली ती एका दिवसात, आणि ट्रॅक्टर न उघडता. तालुक्याच्या गावी गॅरेजात बसणाऱ्या एका वयस्क मिस्त्रीने त्याला पाना हातात घेऊ दिला नाही. त्याने खुंटी काढायला लावली, एक जुना ब्रश, दोन लिटर रॉकेल नाही म्हणून डिझेल, आणि कपडे धुण्याची पूड आणायला सांगितले. थंड इंजिन वरपासून खालपर्यंत घासून धुतले. वर्षानुवर्षांची माती, रुईचे तंतू आणि तेल ह्यांचा जो थर जमला होता तो निघाला. त्याखाली निळा रंग प्रथमच दिसला. ट्रॅक्टर उन्हात पूर्ण वाळवला. मग इंजिनाच्या सांध्यांवर, पॅकिंगांच्या कडांवर आणि क्लचच्या घराच्या बाहेरच्या अंगावर तोंडाला लावायची पांढरी पावडर कापडाच्या पुरचुंडीतून फुंकली. भोकाखाली एक वर्तमानपत्र पसरले व त्यावर चारही चाकांच्या जागा खुणेने आखल्या. इंजिन चालू करून पंधरा मिनिटे गरम होऊ दिले.

पांढऱ्या पावडरीवर तेलाची वाट लपत नाही. खालून वर पाहण्याऐवजी मिस्त्रीने वरून खाली पाहिले. चेंबरची कड कोरडी. इंजिनाच्या मागच्या बाजूला मात्र वरपासून खालपर्यंत बोटभर रुंदीची ओली रेघ उतरली होती. तिचा उगम इंजिनाच्या माथ्यावरील टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात होता. तेथून निघालेले तेल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत क्लचच्या घराच्या सर्वांत खालच्या टोकाला येऊन ठिबके, आणि ते टोक योगायोगाने त्या भोकाशेजारीच होते. खालचा डाग म्हणजे गळतीची जागा, असे समजण्यात सर्वांची फसगत झाली होती. तेल पाण्यासारखेच उताराला धावते. चालत्या ट्रॅक्टरच्या पंख्याचा वारा त्याला आणखी मागे लोटतो. म्हणून जेथे थेंब पडतो तेथे नव्हे, तर ओलाव्याचे सर्वांत वरचे आणि सर्वांत पुढचे ठिकाण जेथे असेल तेथे गळती शोधावी.

एवढ्यावर काम संपले नाही. टॅपेट कव्हरचे पॅकिंग तर पूर्वी एकदा बदललेले होते. मग ते पुन्हा का गळावे? मिस्त्रीने इंजिनाच्या श्वासनळीकडे, ज्याला गॅरेजात ब्रीदर म्हणतात त्या नळीकडे, बोट दाखवले. पिस्टनच्या कडांनी थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो आणि तो बाहेर पडण्यासाठी ही नळी असते. नळीचे खालचे तोंड मातीने गच्च भरलेले होते. उन्हाळ्यात ट्रॅक्टर उभा असताना कुंभारीण माशीने तेथे घर केले होते! वायूला वाट उरली नाही, आतला दाब वाढला, आणि त्याने सर्वांत दुबळ्या जागेतून तेल बाहेर ढकलले. नळी तारेने व डिझेलने साफ केली, टॅपेट कव्हरला नवे पॅकिंग बसवले, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. पत्र्याचे कव्हर जोर लावून आवळले तर वाकते व गळती वाढते, हेही त्याने सांगितले. खर्च एका पॅकिंगाचा आणि अर्ध्या दिवसाचा. मागचे सील बदलण्यासाठी ट्रॅक्टर विलग केला असता, तर नवे सीलही त्याच दाबाने गळू लागले असते.

हे उदाहरण विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की जुन्या वाहनाच्या गळतीत खरे नुकसान गळलेल्या तेलाचे नसते. ते अंदाजाने बदललेल्या सुट्या भागांचे आणि वाया गेलेल्या दिवसांचे असते. “गळत नाही त्यात तेलच नाही,” असे विनोदाने म्हणण्याची पद्धत आहे. विनोद ठीक आहे; पण हिशेब करून पाहावा. तेलाचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. दर १० सेकंदांस एक थेंब गळत असेल, तर २४ तासांत ४०० मिलिलिटरांहून अधिक तेल जाते. दर सेकंदास एक थेंब गळला, तर ४ लिटरांहून अधिक. दर १० सेकंदांस एक थेंब ह्या बेताने २५० तास काम झाले, की साडेचार लिटर तेल वाटेत सांडलेले असते. तीन सिलिंडरांच्या लहान इंजिनात एकूण तेल असते ते सहा-सात लिटर. मध्यंतरी पट्टी पाहिली नाही, तर ज्या बेअरिंगांना ते तेल मिळायचे ती कोरडी पडतात, आणि मग जो खर्च येतो तो एका हंगामाच्या कापसाने भरून निघेल असे नाही.

कोणता द्रव गळतो आहे, हे ओळखणे हे पहिले काम. ते अवघड नाही. रात्री ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून खाली पांढरा कागद किंवा पुठ्ठा पसरावा. सकाळी डागाचा रंग, वास आणि जागा पाहावी. इंजिनाचे वापरलेले तेल काळे असते. गिअरपेटीचे व लिफ्टचे तेल मधासारखे पिवळसर राहते. दाट गिअर तेलाला गंधकासारखा उग्र वास येतो. म्हणूनच क्लचच्या घरातील भोकातून खरोखरच तेल येत असेल, तर काळे तेल इंजिनाकडे आणि पिवळे तेल गिअरपेटीकडे बोट दाखवते. डिझेलचा वास सांगावा लागत नाही. ते कागदावर झपाट्याने पसरते आणि त्याचा डाग पातळ असतो. रेडिएटरचे साधे पाणी वाळून जाते, पण कूलंट घातलेले पाणी हिरवे वा तांबडे, बोटांना बुळबुळीत लागते. ह्या कूलंटविषयी एक सावधगिरी अशी, की ते बहुधा ज्यापासून बनते ते एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी आहे. गोठ्याशेजारी ते सांडले, तर वासरू किंवा कुत्रा चाटून दगावू शकतो. लहान मुलांचाही विचार करावा. सांडलेले लगेच मातीने झाकून उचलावे.

१९५९ साली फरिदाबाद येथे तयार झालेला आयशर हा भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर मानला जातो. त्याचे इंजिन हवेने थंड होणारे होते. त्या जातीच्या जुन्या ट्रॅक्टरखाली पाणी दिसले, तर ते इंजिनाचे नव्हे एवढे तरी निश्चित! बाकीच्यांना हे सुख नाही. तेव्हा डाग पाहण्यापूर्वी आपल्या ट्रॅक्टरमध्ये कोणकोणते द्रव आहेत, हे ठाऊक असावे. जुन्या पद्धतीच्या हवा गाळणीच्या वाटीतही तेल असते. तिची क्लिप सैल झाली, की तेच तेल इंजिनाचे म्हणून शोधले जाते. मागच्या चाकांत वजनासाठी पाणी भरलेले असेल, तर व्हॉल्व्हमधून तेही पाझरते.

काही गळत्या जमिनीवर दिसतच नाहीत, आणि त्या अधिक घातक असतात. तेल मोजण्याच्या पट्टीवर पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, तर पुष्कळ शेतकरी समाधान मानतात. वास्तविक तेथे धसकावयास हवे. फीड पंपाचा पडदा फाटल्यास डिझेल इंजिनाच्या तेलात उतरते; तेल पातळ होते, पट्टीला डिझेलचा वास येतो, आणि अशा तेलावर इंजिन चालवणे म्हणजे बेअरिंगे झिजवणे होय. तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. ह्या दोन्ही बाबतींत ट्रॅक्टर तेथेच थांबवावा. ‘एवढी पाळी घालून होऊ दे’ हा विचार महाग पडतो.

मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला ओल दिसली, तर ती तितक्याच गांभीर्याने घ्यावी. मागच्या आसाचे सील झिजले, की तेल ब्रेकच्या पट्ट्यांवर पोहोचण्याचा संभव असतो. शेतात नांगर ओढताना हे कळत नाही. पण वेचणी झाल्यावर कापसाची भरलेली ट्रॉली मागे जोडून ट्रॅक्टर बोदवडच्या बाजाराकडे निघतो, रस्त्यावर माणसे, बैलगाड्या, शाळेची मुले असतात, आणि उतारावर एकच चाक धरते व दुसरे धरत नाही. ट्रॅक्टर अशा वेळी एका अंगाला ओढला जातो. तेल महाग की स्वस्त, हा प्रश्न तेथे उरत नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि डिझेल ह्यांची गळती एक दिवसही अंगावर काढू नये. उलट एखाद्या सांध्याभोवती नुसती ओलसर धूळ चिकटलेली आहे, रात्रभरात कागदावर थेंब पडत नाही, तर त्यासाठी ऐन हंगामात ट्रॅक्टर उघडून बसण्याचे कारण नाही. खडूने खूण करून ठेवावी आणि उन्हाळ्यात पाहावे. प्रत्येक ओलावा म्हणजे रोग नव्हे, हे तारतम्य असल्याशिवाय गळती शोधण्याचा नाद खर्चातच पाडील.

घरगुती उपायांविषयी तुच्छतेने बोलण्याचे कारण नाही. रेडिएटर गळू लागला, की त्यात हळद टाकावी. डिझेलची टाकी पाझरू लागली, की त्या जागी साबणाची वडी घासावी, हे उपाय अनेकांनी केलेले आहेत आणि त्यांनी ट्रॅक्टर शेतातून घरापर्यंत आणलाही आहे. तेवढेच त्यांचे काम. हळद भोकात बसते तशी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते, आणि पुढच्या उन्हाळ्यात इंजिन का तापते, हे कोणालाच आठवत नाही. घरी पोहोचल्यावर रेडिएटर धुऊन टाकावा व टाकी रिकामी करून नीट झाळून घ्यावी. मात्र डिझेलची वाफ भरलेल्या टाकीला झाळणी लावणे जिवावर बेतू शकते. ते काम जाणत्याच्याच हाती द्यावे.

शोध घेताना हातपाय सांभाळावेत. जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली लाकडी ठोकळे दिल्यावाचून शिरू नये. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. चालू इंजिनात डिझेलच्या नळ्या किंवा लिफ्टचे पाइप हाताने चाचपू नयेत: इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोंहून अधिक दाब असतो, आणि डोळ्यांना न दिसणारी बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आत गेलेले तेल बोट किंवा हात गमावण्याची वेळ आणते. अशा जागी पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. धार असेल तर पुठ्ठा भिजेल. तरीही इजा झाल्यास दुखत नाही म्हणून घरी बसू नये, त्याच तासाला दवाखाना गाठावा आणि काय शिरले ते डॉक्टरांना सांगावे.

मोठ्या शहरांतील कार्यशाळांत आता तेलात चमकणारा रंग मिसळून व निळ्या-जांभळ्या प्रकाशाची बॅटरी टाकून गळती शोधतात. ते साधन उत्तम आहे; तथापि पांढरी पावडर आणि जुने वर्तमानपत्र ह्यांनी जे दिसत नाही असे फारच थोडे उरते.

येथे ग्रामकार्यकर्त्यांनाही काही सांगणे प्राप्त आहे. बियाणे, खते, फवारणी ही आपली कामे, ट्रॅक्टरची गळती ही मिस्त्रीची, अशी वाटणी मनाशी केलेली आढळते. ती सोयीची आहे, योग्य नाही. वेळेवर पेरणी करा, असा उपदेश करणाऱ्याने ज्या यंत्रावर ती पेरणी अवलंबून आहे त्याच्याकडे पाठ फिरवून कसे चालेल? मध्य प्रदेशातील बुधनी येथे १९५५ साली ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले, ते शेतकऱ्याला यंत्राची निगा शिकवणे हा शेतीचाच भाग आहे असे मानूनच. गावोगावी तसे केंद्र निघणार नाही. पण रब्बीची मळणी आटोपल्यावर आणि मृग लागण्यापूर्वी गावातील एका जुन्या ट्रॅक्टरवर एक सकाळ घालवता येईल: धुणे, वाळवणे, पावडर फुंकणे आणि वरून खाली पाहणे. भाषण न करता हे दाखवले, तर दहा जण पाहतील व त्यांतील चार जण घरी जाऊन करतील. गावातील मिस्त्रीला त्यात मानाने बोलवावे. हंगामात त्याच्या दारी एकाच वेळी अनेक ट्रॅक्टर उभे असतात आणि मालक येऊन एवढेच सांगतो, “गळतंय, बघ.” तो अंदाज करतो, यात त्याचा दोष थोडा. कोणत्या रंगाचे, कोठे, इंजिन चालू असताना की बंद झाल्यावर, थंड असताना की तापल्यावर, रात्रीत किती थेंब, ह्या पाच गोष्टी मालकाने पाहून सांगितल्या, तर मिस्त्रीचे निम्मे काम झालेले असते.

वर ज्याचे उदाहरण दिले त्या शेतकऱ्याने आता खळ्यात ट्रॅक्टर नेहमी एकाच जागी उभा करण्याची सवय लावून घेतली आहे. चाकांच्या जागी विटा पुरल्या आहेत. महिन्यातून एकदा पुठ्ठा अंथरतो, त्यावर तारीख घालतो व पुठ्ठा खुंटीला टांगून ठेवतो. मे महिन्यातील पुठ्ठ्यावर मधला डाग नव्हता. पुढच्या बाजूला, पंख्याच्या खाली, पाण्याचे दोन सुकलेले गोल मात्र उमटले होते. पंपाचे नवे सील भुसावळहून आणून पहिल्या पावसापूर्वी बसवले गेले.